देवघरे मॅडमची भरती

आमच्या कंपनीत नोकरीसाठी येणाऱ्या पायलटची पहिली मुलाखत ऑफिसात व्हायची नाही आणि हवाईपट्टीवरही व्हायची नाही. ती व्हायची मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, देवघरे मॅडमच्या घराच्या ओट्यावर. मुलाखत अजून सुरू व्हायची आहे असं उमेदवाराला वाटत असायचं, तेव्हाच ती अर्धी संपलेली असायची.

याला कारण त्यांचं फाटक. लोखंडी, जुनं, कडी थोडी वाकलेली. उघडायला सोपं, पण बंद करताना पल्ला जरा उचलून धरावा लागायचा, नाहीतर ते आपोआप उघडायचं. गल्लीत बकऱ्या मोकळ्या फिरायच्या आणि मॅडमच्या अंगणात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, अबोली असं बकरीला आवडेल ते सगळं लावलेलं होतं. उमेदवार आत आला की मॅडम त्याच्या चेहऱ्याकडे पाहायच्याच नाहीत. त्याच्या पाठीमागे फाटकाकडे पाहायच्या. लावलं, की तसंच सोडून आला? एकदा लावून उघडलं, तर परत फिरला का?

"ज्याले मागं वळून पाहाची सवय नाही, त्याच्या मागं लोकं बसवायचे काय बाप्पा?" असं त्या म्हणायच्या.

मी त्या कंपनीत पायलटांच्या ड्युट्या लावायचं काम करत होतो. कोण कधी उडणार, कोण आराम करणार, कोणाच्या मेडिकल तपासणीची मुदत संपत आलीय, असा सगळा हिशोब. कंपनी म्हणजे बालाघाटच्या एका जुन्या राईस मिलवाल्या घराण्यातल्या नीरजबाबूंचं धाडस होतं. भाताच्या धंद्यात तीन पिढ्या काढल्यावर चौथ्या पिढीला आकाश दिसलं. बैहरच्या बाजूला, जंगलाला लागून एक हवाईपट्टी होती. तिथे त्यांनी उडायला शिकवणारी शाळा काढली आणि जोडीला भाड्याने द्यायची छोटी विमानं आणली. मोठे व्यापारी, डॉक्टर, कधी एखादा रुग्ण, यांना रायपूर, नागपूर, जबलपूरला नेऊन सोडायचं. धंदा बरा चालायचा. एकच अडचण होती. विमानं मिळायची, पैसे मिळायचे, गिऱ्हाईक मिळायचं, पण पायलट काही टिकायचे नाहीत.

तेव्हा नीरजबाबूंच्या आईने सुचवलं, "शकुंतलाबाईंना विचार. साऱ्या जिल्ह्यातल्या पोरांची नावं त्यांना पाठ आहेत."

शकुंतलाबाई म्हणजेच देवघरे मॅडम. त्या रोजगार कार्यालयातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे वडील तहसील कचेरीत, सासरे कोर्टात, नवरा सिंचन खात्यात होता. नवरा गेल्यावर त्या आणि रायपूरला दिलेली एक मुलगी, एवढाच संसार उरला होता. सगळी हयात त्यांनी नोकरी मागायला येणाऱ्यांची नावं नोंदवण्यात घालवली होती. त्यातल्या किती जणांना नोकरी लागली असं विचारलं की त्या हसायच्या आणि बडीशेपेची डबी पुढे करायच्या.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "नितीन, तिकडे माणसं होते, नोकऱ्या नव्हत्या. इकडे नोकऱ्या आहेत, माणसं नाहीत. माझ्या नशिबात जोडी जुळणं नाही दिसत."

पण जोड्या जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बालाघाट, गोंदिया, तुमसर या पट्ट्यातली कितीतरी लग्नं त्यांनी जमवली होती. पायलटांची भरतीही त्यांनी त्याच पद्धतीने सुरू केली. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला कापडी पिशवी. विमानाला त्या शेवटपर्यंत 'गाडी'च म्हणत राहिल्या. "दोन नंबरची गाडी कुठं गेली?" असं विचारायच्या, आणि नवीन पायलट भांबावून पार्किंगकडे बघायचा.

उडण्याची परीक्षा घ्यायला कॅप्टन रंधावा होते. ते शाळेचे मुख्य, भारदस्त, पिकलेल्या मिशांचे. लायसन, उड्डाणाचे तास, हातातली सफाई हे सगळं ते बघायचे. मॅडमचा त्यात काही दावा नव्हता. "गाडीचं कप्तान पाहतील. मी माणूस पाहते," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ओट्यावर बसवून त्या आधी पोहे द्यायच्या, मग प्रश्न विचारायच्या. घरी कोण कोण आहे? आईला काय सांगून आलात? शेवटचे आजारी कधी पडलात, आणि ते कोणाला सांगितलं? आणि सगळ्यात शेवटी, सहज विचारल्यासारखं, "मागच्या वेळी कोणाले 'नाही' कधी म्हटलं?"

या प्रश्नावर बहुतेक पोरं छाती फुगवून सांगायची, "मॅडम, मैं काम को कभी ना नहीं बोलता." त्यांना वाटायचं, इथेच नोकरी पक्की झाली. मॅडम "वा" म्हणून त्यांना अजून पोहे वाढायच्या आणि घरी पाठवून द्यायच्या.

इंदूरचा सौरभ नावाचा एक मुलगा मात्र या प्रश्नावर पोह्यांची बशी खाली ठेवून विचार करू लागला. मग म्हणाला, "मॅडम, मला नाही म्हणायला जमतच नाही. मित्रांनी माझी गाडी मागितली तर मी पायी जातो."

"खरं बोल्ला," मॅडम मला नंतर म्हणाल्या. "घेऊ याले. शिकवू."

कॅप्टन रंधावांना सुरुवातीला हा सगळा प्रकार पोरकट वाटायचा. ते एकदा वैतागून म्हणाले, "मैडम, हम पायलट ले रहे हैं. शादी नहीं करवा रहे."

"शादी से मुश्किल है, कप्तान साहब," मॅडम म्हणाल्या. "शादी में लड़का भाग नहीं सकता."

त्यांचं फाटक नेहमी बरोबर निघायचं असंही नाही. एकदा भोपाळचा एक उंच, देखणा मुलगा फाटक सताड उघडं टाकून आत आला. बोलत असतानाच मागून बकरी शिरली आणि तिने अबोलीचा फडशा पाडला. मॅडमनी त्याला जागच्या जागी नापास केलं. कॅप्टन अडून बसले की मला हाच पाहिजे. मॅडम चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तो मुलगा पुढे आमच्याकडचा सगळ्यात सावध पायलट ठरला. उड्डाणाआधी विमानाभोवती तो इतक्या चकरा मारायचा की प्रवासी कंटाळायचे. मॅडमनी सगळ्यांसमोर कबूल केलं, "माझं फाटक चुकलं." त्यानंतर त्याला जेवायला बोलावलं आणि येताना अबोलीचं रोप घेऊन ये म्हणून बजावलं. त्याने रोपही आणलं, आणि फाटकही लावलं.

कॅप्टन रंधावा स्वतः बालाघाटला कसे टिकले, तो किस्सा मला सगळ्यात आवडतो. ते आले होते एका वर्षाच्या करारावर. बायको दिल्लीला. करार संपत आला तसं त्यांचं मन उठलं. नीरजबाबूंनी पगार वाढवायची तयारी दाखवली, पण कॅप्टन म्हणाले, प्रश्न पगाराचा नाही, बायको इथे यायला तयार नाही.

मॅडमनी कॅप्टनशी बोलणंच थांबवलं आणि सरळ त्यांच्या बायकोला फोन लावला. मॅडमचं फोनवरचं बोलणं म्हणजे शेजारच्या गल्लीला फुकटची बातमी. दिल्ली लांब आहे म्हणून आवाज त्या मानाने मोठा ठेवायच्या.

"भाभीजी, बालाघाट में क्या कमी है, आप बताओ!"

पलीकडून रंधावाभाभी शांतपणे म्हणाल्या, "कमी कुछ नहीं होगी, आंटी. पर मैं वहाँ करूँगी क्या?"

त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. दिल्लीत त्यांचं काम जोरात चालायचं. मॅडमनी तो शब्द मला तीनदा म्हणायला लावला, आणि अर्थ कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"गुडघ्याचं काम करतात त्या? मग दिल्लीले काय करून राह्यल्या?"

बालाघाटात गुडघे दुखणाऱ्या बायांना तोटा नव्हता, आणि त्यांतल्या निम्म्या मॅडमच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली रिकामी खोली ठरवली, रंधावाभाभींना 'फक्त आठ दिवस' म्हणून बोलावलं, आणि पहिल्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन टेबलावर आडव्या झाल्या. दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर जागा उरली नाही. कोणी वारासिवनीहून आलं, कोणी लांजीहून. आठ दिवसांचा महिना झाला आणि महिन्याचं वर्ष.

पुढे कॅप्टनना एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा भाभींनीच नकार दिला. "मैं कैसे जाऊँ? मेरे पेशंट हैं," म्हणाल्या. कॅप्टन ऑफिसात येऊन हताशपणे म्हणाले, "मैडम, आपने मुझे नहीं, मेरी बीवी को नौकरी दी है."

"बरोबर आहे," मॅडम मला मराठीत म्हणाल्या. "पायलट नाही टिकत, घर टिकते."

पण तरुण पायलट जायचेच. ते आमच्याकडे यायचे तास जमवायला. अमुक इतके तास विमान उडवल्याशिवाय मोठ्या एअरलाईन घेत नाहीत. तास भरले की बोलावणं यायचं आणि पोरगं निघायचं. नीरजबाबू चिडायचे. शिकवायचं आपण आणि उडवायचं दुसऱ्याने, असं म्हणायचे. मॅडमना त्याचा कधी राग आला नाही. निघणाऱ्या प्रत्येकाला त्या इकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाची पिशवी द्यायच्या आणि स्टेशनवर पोचवायला जायच्या. "आपण सासर नाही, माहेर आहो," त्या नीरजबाबूंना सांगायच्या. "पोरीले घरात कोंडून ठेवणारं माहेर कोणी पाह्यलं काय? चांगली नांदली तर तिच्या पाठच्या बहिणी येतात."

आणि खरंच यायच्या. गेलेली पोरंच नव्यांना पाठवायची. बालाघाटला जा, तिथे एक आंटी आहे, असं सांगून.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ती सकाळ उजाडली.

मँगनीजच्या धंद्यातले एक मोठे शेठ आमचं विमान वर्षभरासाठी बांधून घेणार होते. तो करार झाला की नीरजबाबू आणखी दोन विमानं घेणार होते, आणि मॅडमना बरीच नवी माणसं शोधायची होती. त्या सकाळी शेठना रायपूरला नेऊन आणायचं होतं. एका परीने ती आमची चाचणीच होती. ड्युटी होती अदितीची. अदिती नाशिकची, आमच्या सगळ्यात चांगल्या पायलटांपैकी एक, कामात चोख आणि बोलायला मोजकी. आदल्या संध्याकाळपर्यंत तिची तयारी होती.

सकाळी तिने मॅडमना फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. मॅडम नेहमीसारख्या मोठ्याने "बोल बेटा" म्हणाल्या, आणि पुढे फक्त ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. झोप तू. मी पाहते."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "अदिती आज नाही उडत म्हणते."

"काय झालं? आजारी आहे का?"

"मी नाही विचारलं."

नीरजबाबू धावतच वर आले. आमचं ऑफिस मिलच्या वरच्या मजल्यावर होतं, आणि खाली अंगणात शेठची गाडी येऊन उभी होती. इथून हवाईपट्टीपर्यंत घाटाचा लांब रस्ता, म्हणजे पाच-दहा मिनिटांत काहीतरी ठरवायला हवं होतं. कॅप्टन रंधावा परीक्षक म्हणून बाहेरगावी गेले होते. बाकीचे कोणी सुट्टीवर, कोणी आधीच उडालेले. राहिला सौरभ. तो आदले दोन दिवस सतत उडत होता, पण नियमाने लागतो तेवढा त्याचा आराम त्याच सकाळी पूर्ण झाला होता. कागदावर तो उडू शकत होता.

"मैडम, सौरभ को लगाइए फोन," नीरजबाबू म्हणाले.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "त्याले मी फोन नाही लावत."

"क्यों? रेस्ट तो पूरा है उसका! नितीन, पूरा है ना?"

मी मान हलवली. कागद तेच सांगत होता.

"मग काहून नाही लावत?" नीरजबाबूंना राग आला की त्यांच्या तोंडून घरची मराठी निघायची.

"कारण तो हौ म्हणंल," मॅडम म्हणाल्या.

मॅडम पुढे अगदी हळू बोलल्या. इतका हळू आवाज त्यांना असेल असं मला वाटलंच नव्हतं. "काल तो जेवता जेवता ताटावर पेंगत होता बाबू. मी पाह्यलं. आता मी फोन केला तर उठून बसंल, तोंड धुवंल, आणि म्हणंल हौ मॅडम, येतो. त्याले दुसरं काही येतच नाही. अदितीले नाही म्हणता येते, म्हणून ती घरी राह्यली. याले नाही म्हणता येत नाही, म्हणून याले घराबाहेर काढायचं काय?"

"मैडम, नीचे आदमी खड़ा है. करार जाईल!"

"जाऊ शकते."

"तुम्हाले समजते काय, त्या कराराचा अर्थ काय आहे?"

"समजते. त्याच्यात माझं पण काम आहे. पण मी नाही लावत. कंपनी तुमची आहे, फोन तुमच्या हातात आहे, तुम्ही लावा. फक्त त्याले 'येतोस काय' असं विचारू नका. 'नाही म्हणू शकतोस काय' असं विचारा, आणि तो काय म्हणते ते ऐका."

नीरजबाबूंनी फोनवर सौरभचं नाव काढलं. अंगठा त्या नावावर धरून ते उभे राहिले. खालून गाडीचा हॉर्न वाजला. मला वाटलं, आता लावतील. त्यांनी फोन टेबलावर आपटला, काहीतरी हिंदीत बोलले जे इथे लिहिण्यासारखं नाही, आणि जिना उतरून गेले. शेठ रायपूरला कारने गेले. आठवडाभरात त्यांनी आपला करार दुसऱ्या कंपनीला दिला.

त्या दिवशी आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं. वारा नाही, धुकं नाही. सौरभ गेला असता तर बहुधा नीट जाऊन नीट आला असता. नीरजबाबूंनी ते मॅडमना ऐकवलंही. "पाहा मॅडम, काही झालं असतं काय? काहीच नाही झालं आज."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "काहीच नाही झालं. तेच तर पाह्यजे होतं."

हे ऐकून नीरजबाबूंचा पारा आणखी चढला. महिनाभरात दिल्लीकडची एक एजन्सी आली. पायलट आता स्क्रीनवर निवडले जाऊ लागले. परीक्षा ऑनलाईन, मुलाखत ऑनलाईन, आणि ओट्यावरचे पोहे बंद झाले. मॅडमकडे नव्या लोकांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था दिली. मला वाटलं त्या राजीनामा देतील. त्यांना राग आला होता का, ते कधी कळलं नाही. त्या खोल्या बघत हिंडल्या, पंखे तपासले, गाद्या उन्हात टाकल्या, आणि एका खोलीच्या मालकाशी नळावरून भांडल्या.

एजन्सीने माणसं भराभर पाठवली, हे मान्य करायला हवं. एवढे पायलट आमच्याकडे एकाच वेळी कधी नव्हते. पण ते आले कसे आणि गेले कसे, याची मजा काय सांगावी. एक जण गोंदियाहून येणाऱ्या गाडीतून बालाघाटला उतरला, स्टेशनाबाहेर येऊन ऑटोवाल्यांकडे, पुढच्या रस्त्याकडे पाहिलं, मागे वळला आणि परतीच्या गाडीत जाऊन बसला. त्याला आणायला गेलेला ड्रायव्हर नावाची पाटी धरून दुपारपर्यंत उभा होता. दुसऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हवाईपट्टी जंगलाला लागून आहे. रानडुक्कर दिसल्यावर त्याने बॅग भरली. काहींनी बॅगा उघडल्याच नाहीत. त्यांतल्या चांगल्यांना त्यांच्या पसंतीच्या शहरातून दोन महिन्यांत बोलावणं आलं आणि ते रीतीप्रमाणे निघाले. त्यांना पोचवायला स्टेशनवर मॅडमच गेल्या, तांदळाची पिशवी घेऊन. तेवढं काम त्यांनी एजन्सीला दिलं नव्हतं.

पुढे एका रविवारी नीरजबाबू मॅडमच्या घरी गेले. मी बरोबर होतो, कारण एकटं जायला त्यांना जड वाटत होतं. ओट्यावर बसून त्यांनी पोहे खाल्ले, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, परत तुम्हीच पाहा."

मॅडम काही वेळ मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाहीन. पण एक गोष्ट. पायलट नाही म्हणाला, तर त्याले काहून म्हणून विचारायचं नाही. तुम्ही नाही, कप्ताननं नाही, मी पण नाही. आणि त्यापायी त्याचा एक रुपया कापायचा नाही."

"मैडम, फिर तो सब रोज़ ना बोलेंगे!"

"बोलू द्या. पाहू."

नीरजबाबू व्यापाऱ्याच्या घरातले होते. समोरचा भाव पाडणार नाही हे त्यांना लगेच कळायचं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि उभं राहून, जरा लाजत, सांगितलं, "जो ना कहेगा, उससे 'क्यों' नहीं पूछना. ये अब कंपनी का नियम है." पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. अदिती शेवटच्या रांगेत होती. तिने खाली पाहिलं. ती त्या सकाळी का आली नव्हती, ते मला आजही माहीत नाही.

पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांनी नियम वापरून पाहिला. मला ड्युट्या लावता लावता घाम फुटला. पुढच्या महिन्यात ते कमी झालं, आणि नंतर तर इतकं क्वचित होऊ लागलं की कोणी नाही म्हणालं तर आम्ही मुकाट्याने दुसरं नाव लिहायचो.

एका मंगळवारी साधंच प्रशिक्षणाचं उड्डाण होतं. सकाळी मॅडमचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं बेटा" म्हणाल्या, फोन ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. चेहरा असा की कोणाच्या घरी पाळणा हलला असावा.

"सौरभ नाही म्हणाला!" त्या ओरडल्या. "नितीन, आपला सौरभ आज नाही म्हणाला!"

आणि त्यांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं. खालच्या मिलमधल्या हमालांपासून कॅप्टन रंधावांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले गेले. नीरजबाबूंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "किस खुशी में?" मॅडमनी सांगितल्यावर ते काही क्षण चावायचेच थांबले. मग त्यांनी हात पुढे करून दुसरा पेढा घेतला.

त्यानंतर कंपनी हळूहळू, पण खरोखर वाढली. नवी विमानं आली, आणि ती चालवायला माणसंही. मँगनीजवाल्या शेठचा करार काही परत आला नाही. त्याच्यापेक्षा लहान दोन आले. नीरजबाबू अजूनही मधूनच त्या कराराची आठवण काढतात, आणि मला वाटतं त्यांना त्याचं वाईट वाटणं खरं आहे.

मॅडमचे गुडघे मात्र रंधावाभाभींनाही ऐकेनासे झाले, तेव्हा मुलीने रायपूरला यायचा हट्ट धरला. निघायच्या आधी मॅडमची एकच मागणी होती. सगळ्या पायलटांना जवळच्या हट्टा गावची बावडी दाखवायची. "पोरं दोन-दोन वर्षं इथं राहतात आणि वरूनच बालाघाट पाहतात," त्यांचं म्हणणं. "एक दिवस खालूनही पाहा म्हणावं."

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी सगळा लवाजमा हट्ट्याला गेला. जुनी, दगडी, मजले मजले खाली उतरत जाणारी ती विहीर. पोरं तोंड वासून पाहत राहिली, आणि मग उतरण्याची घाई झाली. पायऱ्या ओलसर होत्या. मॅडमना उतरणं शक्य नव्हतं. त्या वरच एका दगडावर बसल्या आणि फर्मान काढलं की फोन, गॉगल, टोप्या सगळं इथं ठेवून जा, खाली पाण्यात पडलं तर मी नाही काढणार. बघता बघता त्यांच्या पदरात आणि आजूबाजूला फोनांचा ढीग झाला. पोरं खाली गेली. त्यांचे आवाज खालून घुमून वर यायला लागले.

मला दुपारी ऑफिसात जाऊन दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या लावायच्या होत्या. पाया पडून मी निघालो. "जाय बाप्पा, उशीर नोको करू," एवढंच त्या म्हणाल्या, कारण त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. त्यानंतर त्या रायपूरला गेल्या. फोन येतात, त्याच आवाजात येतात, पण भेट अजून नाही.

त्या दिवशी मोटरसायकल सुरू करताना मी वळून पाहिलं. मॅडमच्या मांडीवरचा एक फोन वाजत होता. त्यांनी दोन-तीन उचलून पाहिले, वाजणारा सापडला, लांब धरून नाव वाचलं आणि कानाला लावला.

"हौ, मम्मीजी, नमस्ते! मैं देवघरे बोल रही हूँ!" साऱ्या हट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "जी? नहीं नहीं, प्लेन में नहीं है. कुएँ में उतरा है... अजी घबराती क्या हो, सीढ़ियाँ हैं! मैं बैठी हूँ ना ऊपर. अभी आता है."